तळटिपांमधलं लॅटिन

नातवंडांनो, माझा पीएच.डी.चा प्रबंध सतराव्या शतकातल्या युरोपीय विचारवंतांवर आहे. खात्रीचं ज्ञान मिळावं म्हणून ते आधी कशाकशावर शंका घेत, हा विषय. तळटिपांमध्ये मूळ लॅटिन ग्रंथांची पानं दिली आहेत. मला लॅटिन येत नाही.

मी सगळं इंग्रजी भाषांतरात वाचलं. त्या पुस्तकांच्या समासात मूळ ग्रंथाचे पानक्रमांक छापलेले असतात. ते उचलले, वाक्यं थोडी फिरवली आणि भाषांतरकाराचं नाव गाळलं. मार्गदर्शकांनी विचारलं होतं, "लॅटिन कधी शिकलात, बाई?" मी नुसती हसले. त्यांना तो विनय वाटला.

टिपणांच्या कार्डांवर मात्र मी खरं लिहिलं होतं: कोणतं भाषांतर, कितवं पान. ती कार्डं शंकर नगरच्या या घरात बुटांच्या खोक्यांत अजून क्रमाने लावलेली आहेत.

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीचा व्हिडिओ कॉल आला. तीही तिकडे उत्तरेत तत्त्वज्ञानच शिकते; बोलते हिंदीतच.

"आजी, तुम्हारी थीसिस ऑनलाइन मिल गई! मैंने अपने पेपर में तुम्हारा पैसेज लिया है. नीचे लिखा है, लॅटिन से अनुवाद, मेरी आजी का. शुक्रवार को जमा करना है."

मी पुन्हा हसले. "छान," म्हणाले.

तुमचे आजोबा शेजारी मटार सोलत होते. "नात कौतुक करून राहिली, अन् तू काहून तोंड पाडून बसली?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनाही.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "भाजीत मीठ टाकलं म्हणलं, तर चाखून पाहते तू! अन् हे मले इतकी वर्षं नाही सांगितलं?" मग म्हणाले, "त्या पोट्टीले आजच सांग. तिच्या नावानं जाऊन राहिलं ते."

खोकं उघडलं. त्या उताऱ्याचं कार्ड काढलं. माझ्याच नेटक्या अक्षरात खाली भाषांतरकाराचं नाव होतं. फोटो काढून पाठवला आणि लिहिलं, "हे मी लॅटिनमधून केलेलं नाही. चोरलेलं आहे. तुझ्या पेपरमधून काढ."

तिने लगेच वाचलं. उत्तर संध्याकाळी आलं.

"निकाल दिया. बाकी कार्ड भी भेजो, आजी. सब. थीसिस से मिलाकर देखूँगी."

रागावली आहे का, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. रोज वीस-पंचवीस कार्डांचे फोटो पाठवते आहे. अजून दोन खोकी उरली आहेत.