हाताला न लागणारं जॅकेट

माझ्या मामाच्या तोंडी ‘हलकं’ ही जवळजवळ शिवी होती. हलकी खुर्ची, हलकं कपाट, हलक्या कानाचा साहेब. एखादी वस्तू एका हातात सहज उचलली गेली की तो ती परत खाली ठेवायचा आणि तिनं आपल्याला फसवलंय अशा नजरेनं तिच्याकडे बघायचा. उलट एखादं जुनं लाकडी टेबल उचलताना चौघांच्या तोंडून हुंकार निघाला, की स्वारी खूश. “भारी माल आहे,” म्हणायचा.

त्याचं कामच तसं होतं. लोकांचं घरसामान बांधून एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणाऱ्या एका कंपनीत तो उभी हयात बांधणीवर होता. काचेच्या कपापासून फ्रीजपर्यंत सगळं पुठ्ठ्यात, ब्लँकेटात आणि सुतळीत आवळायचं, मग पाठीवर घेऊन जिने उतरायचे. बरोबरचे लोक त्याला गाठमास्तर म्हणत, कारण त्यानं मारलेली गाठ सुटत नसे, कापावी लागे. घरीही तेच. मामीनं आमच्यासाठी काही पाठवलं की ते बांधायचा मामा, आणि तो येणार असं कळलं की आई कात्री हातात घेऊनच दार उघडायची.

रिकाम्या हातांनी चालणंही त्याला ठाऊक नव्हतं. बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या, काखेत आणखी काहीतरी, आणि हा पुढे. मामी चार पावलं मागे. एखादी पिशवी माझ्याकडे द्या, असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी त्याचं उत्तर एकच असायचं, “तू किल्ली सांभाळ.”

मग पाठीनं दगा दिला. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, साधारण किती वजन उचलता? मामा म्हणाला, फ्रीज. डॉक्टर म्हणाले, यापुढे सहा किलो. त्याहून जास्त पाठीवर किंवा हातात काहीही घ्यायचं नाही. चालायला मात्र हरकत नाही, उलट भरपूर चाला. ‘चाला’ हे मामाला ऐकूच आलं नाही. ‘सहा’ तेवढं लक्षात राहिलं, आणि तो आकडा त्याला अपमानासारखा लागला. कंपनीनं काही महिने त्याला टेबलामागे बसवून बघितलं. मग तो स्वतःच निवृत्त झाला.

मामी एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. तिला चालण्याचं वेड. पाचसहा बायका आणि दोनतीन बाप्ये असा तिचा एक गट आहे. दर हिवाळ्यात ते डोंगरात जातात, तंबू पाठीवर, चार दिवस, उंचावर, जिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. मामा कधी गेला नाही, कारण हिवाळ्यात लोक घरं फार बदलतात असं त्याचं म्हणणं होतं. पण तिची बॅग तोच बांधायचा. ती बॅग पहिल्या मुक्कामाला उघडायला दोन मैत्रिणी लागतात, ही त्या गटातली ठरलेली थट्टा होती.

या वर्षी जेवताना मामी सहज बोलल्यासारखं म्हणाली, “या वेळी तुम्ही पण चला.”

मी समोरच होते. मामीनं मामाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मामानंही बहुतेक ऐकलं नसावं, कारण तो घास हातात धरून तसाच राहिला.

तो तयार झाला, पण एका अटीवर. त्याची बॅग तोच उचलणार. त्या गटाचा नियम असा की आपापलं सामान आपण घ्यायचं, आणि तंबू, स्टोव्ह सगळ्यांत वाटून. मामाच्या वाटणीचा तंबू मामीनं परस्पर आपल्या नावावर घेतला होता. ते त्याला लागलं होतं, पण सहा किलोपुढे बोलता येत नव्हतं. त्यानंतर मात्र तो ठामपणे म्हणाला की याउपर माझा एक मोजाही हिच्या पाठीवर जाणार नाही. बॅग सहाच्या वर गेली तर मी घरी राहीन.

इथे माझा प्रवेश. शीतगृहांच्या भिंतींत घालायचं अस्तर बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. थंडी एका बाजूला आणि ऊब दुसऱ्या बाजूला कशी राहते, यावर कोणी नुसतं ‘का गं’ म्हटलं तरी मी कागद-पेन्सिल शोधू लागते. घरातले लोक त्यामुळे सहसा म्हणत नाहीत. आता मात्र खुद्द मामालाच माझी गरज पडली होती. स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर आला. झोपायची पिशवी, चटई, पाण्याची बाटली, कपडे, सगळं एकेक करून चढलं, उतरलं, बदललं. शेवटी अडलं ते एका कोटावर. मामाच्या कंपनीनं कधीकाळी दिलेला, पाठीवर तिचं नाव छापलेला, दाट अस्तराचा कोट. जवळजवळ दोन किलो. तो घेतला तर पाणी मागे ठेवावं लागत होतं.

“मग पाणी कमी पिईन,” मामा म्हणाला.

मी त्याला डोंगर चढायच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या मुलीनं आमच्यासमोर तीन जॅकेटं ठेवली. एक जाड, टोपीवालं, उत्तम, पण वजनदार. दुसरं कृत्रिम धाग्याचं, जे ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब राखतं, पण तेवढ्याच उबेसाठी जरा जड पडतं. तिसरं पिसांचं. बदकाच्या पोटाकडची मऊ पिसं, कांद्याच्या सालीइतक्या पातळ कापडाच्या कप्प्यांत शिवलेली. तिसरं मामाच्या हातात दिलं तर त्यानं हात खालीवर केला आणि माझ्याकडे बघितलं.

“हाताला काही लागतच नाही.”

“तीच तर गंमत आहे.”

“हलका माल.”

मग मी सुरू झाले. जॅकेट ऊब देत नाही, आपल्याच अंगाची ऊब राखून ठेवतं, आणि राखते ती पिसं नव्हेत, पिसांत अडकलेली हवा. मूठभर पिसं फुगून किती जागा भरतात त्याचा एक आकडा असतो. तो जितका मोठा तितकी कमी पिसं लागतात, म्हणून तितकं वजन कमी. दुकानातली मुलगी मान डोलावत होती. मामा कप्पे चिमटीत धरून सोडत होता. दाबलं की बसायचे, सोडलं की हळूहळू वर यायचे. हे त्यानं बराच वेळ केलं.

“म्हणजे कपांसारखं,” तो शेवटी म्हणाला. “कागद कपाला वाचवत नाही. कागदातली हवा वाचवते.”

मला त्याला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. आमच्या दोघांच्या धंद्याचं मूळ एकच निघालं होतं. त्यानं जॅकेट घालून बघितलं, मी त्याला हात वर करायला लावले, पाठ झाकली जाते ना पाहिलं, आत स्वेटर घालून दाबलं जाणार नाही एवढं सैल घेतलं. आरशातल्या स्वतःकडे बघून तो म्हणाला की मी फुगलेल्या कबुतरासारखा दिसतोय. पण काढायची घाई त्यानं केली नाही.

बिल होताना त्या मुलीनं दोन गोष्टी सांगितल्या. याला पाण्यापासून जपा. आणि प्रवास सोडून एरवी हे थैलीत कोंबून ठेवू नका, टांगून ठेवा. मामानं दोन्हीही ऐकल्या नाहीत, कारण त्याच्या हातात त्या क्षणी जॅकेटाची ती इवलीशी थैली होती आणि तो तिची शिवण उलटसुलट करून बघत होता. एवढं मोठं जॅकेट एवढ्याशा पिशवीत जातं, हे त्याच्या दृष्टीनं त्या दुकानातलं खरं नवल होतं. “बांधणी कुणाची आहे ते बघायला पाहिजे,” तो रस्ताभर म्हणत होता.

निघायला चार दिवस उरले असताना मी शेवटचं वजन करायला गेले. मामानं कपाटावरून एक पुडकं काढलं आणि अभिमानानं टेबलावर ठेवलं. थैली त्याला ढिली वाटली होती. म्हणून त्यानं जॅकेटाची गुंडाळी करून, गुडघ्याखाली दाबून, सुतळीनं चौफेर आवळली होती. पुडकं त्याच्या मुठीएवढं झालं होतं. त्या दुकानातल्या मुलीला नेऊन दाखव म्हणाला.

गाठ कापली. जॅकेट काही केल्या फुगलं नाही. ओल्या कोंबडीसारखा वास आला. कप्प्यांत पिसांचे लहान लहान गोळे झाले होते आणि गोळ्यांच्या मधे नुसतं कापड.

“हे ओलं होतं का बांधताना?”

“ओलं कसं असेल? पुसलेलं होतं.”

त्याच्या धंद्याचा पहिला नियम असा की धुळीसकट काही बांधायचं नाही. दुकानात दहा जणांनी अंगात घातलेलं जॅकेट, म्हणून त्यानं ते साबणाच्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी खसखसून पुसलं होतं, मग स्वच्छ ओल्या फडक्यानं, मग थोडा वेळ खिडकीत धरून बाहेरून हाताला कोरडं लागलं तेव्हा बांधलं होतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस ते कपाटावर तसंच होतं.

मी समजावायला सुरुवात केली, पण मामा ऐकत नव्हता. त्यानं आतून जुना कोट आणला आणि काट्यावर ठेवला. आकडा बघितला. मग बॅगेतली बाटली बाहेर काढली, मग चटई, मग एकेक करून सगळंच. रिकामी बॅग घडी घालून खुर्चीवर ठेवली.

“तू जाऊन ये,” तो मामीला म्हणाला. “दर वर्षी जातेसच.”

 मामीनं ते चपटं जॅकेट उचललं आणि मला विचारलं, हे सुधारतं का? मी म्हणाले, कपडे वाळवायच्या मशीनमध्ये मंद उष्णतेवर गरगर फिरवून, मधे मधे गोळे फोडले तर बहुतेक सुधारेल, पण बरोबर टेनिसचे चेंडू टाकावे लागतील, पिसं झोडपायला. मामीच्या पलंगाखाली एक चेंडू होता, टाच दुखते म्हणून ती तो पायाखाली फिरवायची. दुसरा मी कोपऱ्यावरून आणला.

समोरच्या लॉन्ड्रीवाल्यानं आधी नाहीच म्हटलं. चेंडू म्हणजे काय, मशीन आहे की मैदान? मामीनं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही, पण त्यानं स्वतः येऊन उष्णता सगळ्यांत कमीवर लावली आणि आम्हाला बाकावर बसवलं. मशीन धबधब वाजू लागलं. थोड्या थोड्या वेळानं आम्ही ते थांबवायचो, जॅकेट मांडीवर घ्यायचो आणि कप्प्याकप्प्यातले गोळे बोटांनी चाचपून सोडवायचो. मामाची बोटं जाड, सुतळीनं घट्टे पडलेली. आयुष्यभर ती आवळायला शिकली होती. पहिले दोन गोळे त्यानं दाबून आणखी घट्ट केले. मग मामीनं त्याचा अंगठा धरून दाखवलं, असं, नुसतं सैल करायचं, सोडून द्यायचं.

तिसऱ्यांदा मशीन सुरू झालं तेव्हा मामा काचेकडे बघत म्हणाला, “नाही झालं नीट तर तू कोट घेशील माझा. मला माहितीये. आणि मला ते चालणार नाही.”

“नाही घेणार,” मामी म्हणाली.

त्याची मान वळली.

“मला तुमचं ओझं उचलायची हौस नाही. तुम्हाला सामान आणायला कुठे बोलावलंय मी? इतकी वर्षं तुमची पाठ बघत चाललेय. आणि हातात किल्ली.” ती त्याच्याकडे वळली. “एकदा रिकाम्या हातांनी चला ना माझ्याबरोबर.”

लॉन्ड्रीवाला घड्या घालता घालता थांबला होता. मी चेंडूंचा आवाज ऐकण्याचं नाटक केलं.  मशीन थांबल्यावर सगळ्यात आधी मामा उठला आणि दोन्ही हातांनी जॅकेट असं बाहेर काढलं, जसं कुणाचं झोपलेलं मूल. ते फुगलं होतं. डाव्या खांद्यावरचे दोनतीन कप्पे बसकेच राहिले, बाकी सगळं वर आलं होतं.

घरी येऊन सगळं पुन्हा काट्यावर चढलं. सहाला थोडं कमीच भरलं. मामानं तो आकडा चष्मा लावून बघितला.

“जागा आहे,” तो म्हणाला. “तंबूचं काहीतरी दे मला.”

“काही नको.”

“अगं, खुंट्या तरी.”

मामीनं खुंट्यांची छोटी पिशवी आणून काट्यावर ठेवली. दोघं आकड्याकडे बघत राहिले. सहात बसलं. मामानं ती पिशवी बॅगेत सगळ्यात वर, हाताला चटकन लागेल अशी ठेवली. जॅकेट मात्र त्यानं निघायच्या दिवसापर्यंत दाराच्या हुकाला टांगून ठेवलं, आणि येणाजाणाऱ्याला सांगितलं की त्याला कुणी टेकू नका, ते फुगतंय.

ते परत आल्यावर मी फोटो बघायला गेले. एक फोटो कुणीतरी मागून काढला होता. संध्याकाळ, मागे तंबू, आणि दोघं तंबूपासून पुढे उघड्या माळावर चाललेली. मामाचं जॅकेट टम्म फुगलेलं, डावा खांदा जरासा खाली. चालत होता मामीच्या बरोबरीनं. पण दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासारखे.

मी हसले. मामीही हसली.

“पहिली संध्याकाळ अशीच गेली. हातांचं काय करायचं तेच कळेना त्यांना. दर दहा पावलांवर विचारायचे, किल्ली तरी दे माझ्याकडे.”

“दिलीस?”

“छे. तंबूला कुठली आलीय किल्ली?” ती म्हणाली. “दुसऱ्या संध्याकाळी जमलं.”

पुढचा फोटो तिनं स्वतः नीट बघून घेतला, आणि मला न दाखवताच त्याच्या पुढचा काढला.