फुकटात आलेला दगड

सकाळी लोफाआत्यानं नर्सला सांगितलं, "मला काट्यावर उभं कर."

नर्स म्हणाली, "कालच तर वजन केलं, मावशी. आज तुम्हाला उठवतही नाहीये."

"कालचं काल गेलं. आजचं किती ते सांग."

मग दोघीजणींनी काखेत हात घालून तिला काट्यावर धरलं. सेहेचाळीस किलो आले. शेजारी फिसा उभा होता. फिसा म्हणजे तिच्या भावाचा पोरगा, ऑकलंडला गोदामात कामाला, आत्या बेटावरून दवाखान्यात आली तसा रोज तिच्या उशाशी. त्याला रडू आवरेना, आणि आत्या मात्र लॉटरी लागल्यासारखी हसली.

"बेटावर असताना चौऱ्याण्णव होते मी. म्हणजे बघ, केवढी जागा झाली."

"कसली जागा, आत्या?"

"पेटीत रे. माझ्या पेटीत." तिनं त्याला जवळ ओढलं. "दीडशे किलोपर्यंत पेटीचं भाडं एकच. विमानाच्या माल खात्यातल्या पोराला मी फोन करून विचारलंय. तो बिचारा म्हणाला, मावशी, वाईट वाटलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कुणी नाही, चौकशी करून ठेवते."

"काय अभद्र बोलतेस!"

"अभद्र काय त्यात? भाडं भरणारच आहात तर पेटी रिकामी कशाला पाठवायची? तुझ्या गॅरेजमधला थडग्याचा दगड माझ्याबरोबर येऊ दे. जहाजाला एक सेंट द्यायचा नाही. कबूल?"

फिसा नुसता नाक पुसत बसला.

"कबूल म्हण. नाहीतर मी मरत नाही."

"कबूल," फिसा म्हणाला. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. पण आत्यानं डोळे मिटले होते. संध्याकाळी प्रार्थना चालू असताना ती गेली. बोललेला शब्द तिनं पाळला, आता पाळायची पाळी फिसाची.

लोफाआत्या लिकू गावची. निऊए बेटावर तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण जो ऑकलंडला जायचा त्याच्या बॅगेवर तिचा डोळा असायचा. आमच्या बेटावर विमान आठवड्यातून दोनदा, आणि जहाज महिन्यातून एकदा, तेही समुद्राची मर्जी असली तर. फोनवर वस्तू बघावी, स्वस्त दिसावी, आणि खाली भाड्याचा आकडा बघून फोनच फेकून द्यावासा वाटावा, ही सगळ्यांचीच रड. आत्यानं त्यावर तोड काढली. वस्तू मागवायची फिसाच्या घरी, ऑकलंडात मांगेरेला. तिथं पोचवणं फुकट. पुढं बेटापर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगेतून, दोन किलो याच्याकडे, तीन किलो त्याच्याकडे. बदल्यात जाताना ती त्यांना अळकुड्या द्यायची, आणि माणूस फारच उपयोगाचा असला तर नारळखेकडा.

विमानतळावर ती हुकाचा वजनकाटा घेऊनच उभी असायची. लोक तिला चुकवायला बघायचे, पण एवढ्याशा बेटावर चुकवून जाणार कुठं!

एकदा पाळकसाहेब परिषदेला निघाले. आत्यानं त्यांना गाठलं.

"पाळकसाहेब, येताना काय आणणार?"

"काही नाही गं. फक्त प्रवचनं."

"प्रवचनाला वजन नसतं. मग बॅगेत जागा असेलच."

पाळकसाहेब परत आले ते संडासाची सीट हातात धरून. बॅगेत बसली नाही म्हणून अख्खा प्रवास मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, हे काय, तर म्हणाले, "देवाची परीक्षा."

रग्बीच्या पोरांची टीम खेळून आली, तेव्हा प्रत्येकाच्या बॅगेत चार-चार फरश्या. सामने सगळे हरले, पण आत्याची न्हाणी झाली. एक ढकलगाडी तिनं तुकड्यातुकड्यांत आणली. चाक आलं, पत्रा आला, एक दांडी आली, आणि दुसरी दांडी ज्याच्याकडे दिली तो गडी तिथंच लग्न करून राहिला. एका दांडीची ती गाडी आत्या वर्षभर चालवायची. सारखी डावीकडे वळायची. लोक म्हणायचे, लोफाला चर्चला यायचं असतं, पण गाडी तिला दुकानात नेते.

आता कुणाला वाटेल, बाई कंजूष. तसं नव्हतं. दुसऱ्याला जेवायला घालताना तिचा हात कधी आखडला नाही. राग होता तो जहाजाच्या भाड्यावर. तिचा नवरा तोगिया, जन्मभर धक्क्यावर माल उतरवायचा. सिमेंट, पीठ, गॅसचे सिलिंडर. शेवटी शेवटी त्याला मोजे घालायलाही वाकता येईना. आत्या म्हणायची, "त्या जहाजानं माझ्या माणसाची कंबर खाल्ली. आता वर भाडंही खाणार होय?"

तोगिया गेला, घरासमोर रस्त्याकडेला त्याला पुरलं. वर सिमेंट घातलं, पण डोक्याशी नावाचा दगड काही बसला नाही. तिथं एक रंगाचा रिकामा डबा, त्यात वाळू आणि प्लास्टिकची फुलं. तोगियाची बहीण पिहिया दर रविवारी चर्चहून येताना तिथं थांबायची आणि आत्याला ऐकू जाईल असं बोलायची.

"दादा, कसा आहेस? अजून डब्यातच का?"

आत्या खिडकीतून म्हणायची, "दगड घेतलाय गं पिहिया. येतोय."

"पोहत येतोय का?"

घेतला होता हे खरं. रात्रभर फोन चोळून आत्यानं काळा, चकचकीत दगड शोधला, मागवला. फिसाच्या गॅरेजमध्ये तो आला, जाड पुठ्ठ्यात गुंडाळलेला. बावन्न किलो. एका माणसाच्या बॅगेला तेवीस किलो, आणि दगड काही फरश्यांसारखा वाटून देता येत नाही. आत्यानं दुकानदाराला फोन करून विचारलं होतं, तीन तुकडे करून मिळेल का. त्यानं फोन ठेवून दिला.

फिसा म्हणाला, "आत्या, जहाजानं पाठवतो, भाडं मी भरतो."

"खबरदार. आणि पुठ्ठा सोडू नकोस, कोपरे फुटतील."

"बरं. पण तू म्हणाली होतीस, मोफत पोचवायला जेवढ्याची खरेदी लागते त्यात थोडे पैसे कमी पडत होते म्हणून अजून काहीतरी टाकलंस. ते कुठाय? दगड एकटाच आलाय."

"आलंय, आलंय."

"नाही गं, मी सगळं गॅरेज पालथं घातलं."

"आलंय म्हणते ना!"

फिसाला वाटलं, फुलदाणी असणार, कुणीतरी ढापली. तीन वर्षं दगड गॅरेजमध्ये भिंतीला टेकून होता. फिसाची बायको तीमा त्यावर पायपुसणी वाळत घालायची.

आत्या गेल्यावर फिसानं तीमाला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"वेड लागलंय का तुला? आत्याच्या अंगावर दगड ठेवणार?"

"अंगावर नाही. पायाशी."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काहीही म्हणू देत. आत्या काय म्हणेल? मी शब्द दिलाय, तीमा."

अंत्यविधीचं काम करणारा माणूस सामोआचा, धिप्पाड, कशानं हलेल असा नाही. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पेटीत बूट पाहिलेत, जाळं पाहिलंय, एकदा गिटार. दगड पहिल्यांदाच." मग विचार करून म्हणाला, "पेटीत नको, म्हातारीला खरचटेल. विमानासाठी पेटीच्या बाहेर लाकडी खोका असतो. त्याच्या तळाला दगड, वर पेटी. आणि कागदावर दगड असंच लिहायचं, लपवाछपवी नाही. माझ्या हिशेबानं एकशे अठ्ठेचाळीस भरेल."

माल खात्यात निरोपाचं गाणं म्हणायला आपली सगळी माणसं जमली, त्याच विमानानं जाणारी तर बॅगांसकट. खोका काट्यावर चढला. गाणं चालू होतं, म्हणणाऱ्यांचे डोळे मात्र आकड्यावर.

एकशे सत्तावन्न.

गाणं थांबलं. काट्यावरचा पोरगा हळूच म्हणाला, "दीडशेच्या वर गेलं की भाड्याचा दर बदलतो." फिसाचा चेहरा पडला. जन्मभर जे आत्यानं होऊ दिलं नाही ते तिच्याच पेटीला होणार! सामोआचा माणूस फिसाकडे बघायला लागला, फिसा तीमाकडे, आणि तीमा छताकडे.

"तीमा?"

"माझ्याकडे काय बघतोस? आत्यांनीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाल्या, मी जातेच आहे तर लोकांच्या वस्तू कशाला अडकवून ठेवायच्या."

खोका उघडला. दगडाच्या बाजूनं, पेटीच्या कडेनं, चादरींच्या घड्यांत काय काय निघालं! पाळकसाहेबांचे बूट. कुणाचा बिडाचा तवा. मासे धरायची फिरकी. शाळेच्या मास्तरणीचे पडदे. गॅरेजमध्ये थांबलेलं सगळ्या गावाचं सामान. मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणालाच आवरेना, रडणारेसुद्धा हसायला लागले.

"बूट माझ्याकडे द्या, एक किलो बसतं."

"पडदे मी घेते. अंगाला गुंडाळीन."

"तवा हातात धरतो मी. पाळकांनी तर सीट धरली होती!"

परत काट्यावर ठेवलं. एकशे एकोणपन्नास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो पोरगा कागद बघत म्हणाला, "लोफा... लिकूच्या? म्हणजे फोन केला होता त्याच का?" त्यानं टोपी काढली. "म्हणाल्या होत्या, अजून कुणी नाही."

बेटावर पेटी उतरवायला सहा गडी पुढं आले. खोका उचलला आणि सहाही वाकले.

"अरे, आजारानं काडी झाली होती म्हणे ना!"

"पाप असतं जड."

"पाप नाही रे," फिसा म्हणाला, "पार्सल."

पिहिया पुढं आली. तिनं खोक्याच्या फटीतून डोकावलं, पुठ्ठा बघितला आणि तिला समजलं. घरापर्यंत खोक्यावर हात ठेवून ट्रकमध्ये बसून राहिली.

आत्याला तोगियाच्या शेजारी पुरलं. मग डबा बाजूला काढून दगड उभा केला, आणि फिसानं सुरीनं पुठ्ठा कापला. पाळकसाहेब नवे बूट घालून प्रार्थनेला तयार उभे होते. पिहियानं बोट लावून वाचायला सुरुवात केली. तोगियाचं नाव, त्याच्या दोन्ही तारखा. आणि बोट खाली आलं तिथं थबकलं.

खाली लिहिलं होतं, *आणि त्याची बायको लोफा*. जन्माची तारीख. पुढं मोकळी जागा.

"हे कधी घातलं हिनं?" पिहिया म्हणाली.

गॅरेज पालथं घातलेलं फिसाला आठवलं. "मोफत पोचवायला पैसे कमी पडत होते, काकू. काहीतरी टाकायला पाहिजे होतं."

"म्हणून स्वतःला टाकलं?"

"आलंय, आलंय म्हणायची."

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, प्रार्थना न करताच.

आता राहिली मोकळ्या जागेतली तारीख. फिसा म्हणाला, दुकानातून पक्का रंग आणून मी लिहून जातो. पिहियानं किंमत विचारली. त्यानं सांगितली.

"एवढी?"

"जहाजानं येतो ना रंग."

"मग राहू दे," पिहिया म्हणाली.

"मी देतो ना पैसे, काकू."

"राहू दे म्हटलं ना!"

चुलीतला कोळसा आणून दगडावर तिनं उगाळून बघितला. काळ्यावर काळं, काही दिसेना. मग पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा उचलून तिनं तारीख लिहिली, वाकडी, पण मोठी. पाऊस आला की तारीख धुऊन जाते. रविवारी चर्चहून येताना पिहिया थांबते, पिशवीतला प्रवाळाचा तुकडा काढते आणि परत लिहिते.