तांबडी ओळ

धाकटी सून अंड्यांच्या धंद्यात आली ती हौसेनं नाही. ज्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची ती बंद पडली, आणि घरचा धंदा होता अंडी उबवून पिल्लं विकण्याचा. तिचे थोरले दीर, ज्यांना घरात आणि कामावर सगळे दादाच म्हणत, त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "तुझ्या त्या विद्येचा आमच्या कोंबड्यांना काही उपयोग?"

उपयोग झाला. उबवणीच्या तीन खोल्या होत्या. पहिली, मधली आणि शेवटची. तापमान बघायला सारखं कुणीतरी दार उघडून आत डोकवायचं, की तेवढी ऊब बाहेर. धाकटीनं अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर पुसून काढला, तापमापकांच्या तारा त्याला जोडल्या आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळी उमटत जायच्या, आधी तापमान आणि मग खोलीचं नाव. त्याच ओळी दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडेही जायच्या. तो हीटरच्या पॅनेलबरोबर आलेला, जुना आणि डोक्यानं जरा मठ्ठ. ओळीत पहिला जो आकडा दिसेल तो तापमान समजायचा. कमी असेल तर हीटर लावायचा, जास्त असेल तर बंद करायचा. सांगितलेलं तेवढं मात्र इमानेइतबारे करायचा.

पडद्यासमोर बसायची थोरली, म्हणजे दादांची बायको. अंडं दिव्यासमोर धरून आत जीव आहे की नाही हे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्याला मात्र ती 'पाटी' म्हणायची, आणि या पाटीशी तिचं कधी पटलं नाही. सगळ्या ओळी एकसारख्या पांढऱ्या, मुंग्यांची रांग चालल्यासारख्या. एकदा मधल्या खोलीच्या हीटरचा फ्यूज उडाला. ओळींत आकडा घसरत होता, थोरली समोर बसून वाचतही होती, आणि तरी तिला तो दिसला नाही. अख्खी खेप थंड पडली. दादा चारचौघांत म्हणाले, "डोळे फुटले होते का?"

त्या दिवसापासून ती पडद्यासमोरून हलेना. कुणी बोलवायला गेलं तर मान न वळवता "हं" म्हणायची. रात्री झोपेत आकडे पुटपुटते, असं दादाच एकदा हसत सांगून गेले. धाकटीला ते हसू आवडलं नाही.

तिनं कुणाला न विचारता ओळींना रंग द्यायचं ठरवलं. त्याची युक्ती अशी, की अक्षरांच्या आधी एक सांकेतिक खूण लिहायची. पडदा ती खूण गिळून टाकतो, दाखवत नाही. पुढची अक्षरं तेवढी लाल करतो. दुसऱ्या खुणेनं अक्षरं ठळक होतात, तिसरीनं पुन्हा पहिल्यासारखी. नेहमीच्या ओळी तिनं पांढऱ्याच ठेवल्या. तापमान हद्दीबाहेर गेलं, वर किंवा खाली, तरच ओळ लाल आणि ठळक. हीटर उगीच चालू-बंद व्हायला नको म्हणून त्याची जोडणी काढून तिनं खोटे आकडे घालून बघितले. पडद्यावर लालभडक ओळ उमटली.

"अगं बाई, तांबडी!" थोरली खुर्चीतून अर्धी उठली. "ही तर आंधळ्यालाही दिसेल."

दोनच दिवसांनी पहाटेच्या गारठ्यात पहिल्या खोलीची ओळ तांबडी झाली, लगेच हीटर लागला, ओळ परत पांढरी झाली. दादांनीही मान डोलावली. धाकटीला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

नंतरच्या आठवड्यात ऊन अचानक कडक झालं. दुपारी पत्रे तडतडत होते. शेवटच्या खोलीत पिल्लं बाहेर यायला लागली होती. दाराला कान लावला की कवचाच्या आतून चिवचिव ऐकू यायची. धाकटीचा नवरा आधीच्या पिल्लांची गाडी घेऊन बाहेरगावी गेला होता. धाकटी मागे ट्रे धूत होती, तेवढ्यात थोरलीची हाक आली.

"अगं ए, तांबडं झालं! शेवटची!"

ती ओल्या हातांनी धावली. अडतीस पॉइंट दोन.

"बाहेरच्या उन्हामुळं असेल, ताई. हीटर बंद होईल आत्ता."

दोघी बघत राहिल्या. अडतीस पॉइंट चार. पुढची ओळ, अडतीस पॉइंट सात. धाकटीनं खोलीच्या भिंतीला हात लावला. आत हीटर घुमत होता.

"हा चालू कसा?"

दादा धावत आले, पाठोपाठ कामावरचा वायरमन. वायरमननं पॅनेलचं झाकण उघडलं. "हीटर चालू-बंद करणारा आतला रिले चिकटला असणार," तो म्हणाला.

"मग मेन स्विच पाड!" दादा ओरडले.

"पंखापण त्याच लाइनवर आहे, दादा. पंखा थांबला तर पिल्लं गुदमरतील. हीटरची वायर तेवढी कापतो, पण ती वर आहे. शिडी लागेल."

"मग आण की! तोंडाकडे काय बघतोस?"

थोरलीनं तोवर दार सताड उघडं टाकलं होतं आणि गोणपाटं भिजवून खोलीत फरशीवर पसरली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामानं निथळत होता. "आतली चिवचिव कमी झाली," ती म्हणाली. धाकटी पुन्हा पडद्याकडे वळली. एकोणचाळीस.

वायरमन शिडी टेकवत होता. पॅनेलवरच्या छोट्या काचेत हीटरला कळलेलं तापमान उमटतं, त्याकडे त्याचं लक्ष गेलं. "वहिनी, इथं तर एकतीस दाखवतंय."

"एकतीस?"

"एकतीस. म्हणूनच तापवतोय. त्याला वाटतंय खोली गार पडलीय. रिले ठीक आहे."

धाकटीनं पडद्याकडे बघितलं. एकोणचाळीस पॉइंट एक. "आता किती?"

"एकतीस."

पुढची लाल ओळ. एकोणचाळीस पॉइंट तीन. "आता?"

"एकतीसच. हलायला तयार नाही."

तापमापक बिघडला असता तर पडद्यावरही एकतीसच दिसलं असतं. काचेतला आकडा मात्र जागचा हलत नव्हता, आणि तो तिला ओळखीचा वाटला. कुठं बघितला होता? मग एकदम तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो तिनंच लिहिला होता. लाल रंगाच्या खुणेत तोच आकडा असतो, एकतीस. पडदा ती खूण गिळतो; हीटरचा मठ्ठ प्रोग्रॅम गिळत नव्हता. त्याच्यासाठी ओळीतला पहिला आकडा तोच. खोली तापली की ओळ लाल, ओळ लाल की एकतीस, एकतीस म्हणजे थंडी, म्हणून आणखी तापव. त्या पहाटे पहिल्या खोलीचा हीटर खरंच गारठ्यात लागला होता, म्हणून कुणालाच कळलं नव्हतं.

"वायर कापू नका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "माझं आहे हे. मी थांबवते."

"तुझं काय आहे?" दादा म्हणाले.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिनं प्रोग्रॅम उघडला. बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. ओळ खोडली, दुसरीच खोडली गेली, परत आणली. रंगाच्या तिन्ही खुणा काढल्या, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. पहिली ओळ आली, साधी पांढरी. एकोणचाळीस पॉइंट सहा.

"एकोणचाळीस सहा!" वायरमन शिडीवरून ओरडला. पॅनेलमध्ये खट् झालं आणि घुमणं थांबलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

त्यानंतरची वाट बघणं सगळ्यात जड गेलं. आकडा उतरत होता, पण मुंगीच्या पावलांनी. थोरली उघड्या दाराशी कान देऊन उभी होती.

सगळी पिल्लं वाचली नाहीत. हीटरच्या बाजूचे ट्रे गेले, मधल्या ट्रेंमधली बरीच पिल्लं जगली, पण काहींचे पाय लुळे होते. थोरली एकेक पिल्लू तळहातावर घेऊन बघत होती. दादा दारात उभे राहिले.

"आता सांग. काय झालं?"

धाकटी बोलायच्या आधीच थोरली म्हणाली, "रंग मीच मागितला होता. मला दिसत नाही म्हणून."

"नाही, ताई." धाकटीनं हातातला ट्रे खाली ठेवला. "दादा, यांनी काही मागितलं नव्हतं. मीच केलं, न विचारता. आणि हीटरची जोडणी काढून तपासलं. लावून तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

दादा आता ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती," आणि निघून गेले. चार दिवस ते तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. निरोप असेल तर नवऱ्याकडून यायचा.

रंगाचं नाव काढायची धाकटीची हिंमत नव्हती. पण पाचव्या दिवशी थोरलीनं पडद्यासमोरची खुर्ची तिच्याकडे ढकलली.

"बस आणि तांबडं परत आण."

"ताई, नको. पुन्हा काही चुकलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. परवा मधल्या खोलीचा आकडा माझ्या नजरेतून पुन्हा सुटला होता, वायरमननं बघितला म्हणून निभावलं. तुझी चूक तुला कळली ना? मग ती दुरुस्त कर. माझी चूक डोळ्यांत आहे, ती कोण दुरुस्त करणार?"

या वेळी धाकटीनं रंग ओळ जन्मते तिथं दिला नाही. ओळी आधी दोन वाटांनी वेगळ्या होऊ दिल्या. हीटरकडं जाणारी ओळ कोरी ठेवली, आणि रंग दिला तो पडद्याच्या अगदी तोंडाशी. मग रिकाम्या पहिल्या खोलीत तापमापकाला गरम पाण्याची पिशवी बांधली, हीटर जोडलेलाच ठेवला आणि स्वतः पॅनेलपाशी जाऊन उभी राहिली. पडद्यासमोर थोरली होती.

"तांबडी झाली!" थोरली ओरडली. "चाळीस!"

काचेतही चाळीसच होतं. खट् करून हीटर बंद झाला. धाकटी तरी तिथून हलेना. तिनं पिशवी सोडून बर्फाची बांधली, मग पुन्हा गरम. दर वेळी दोघी आपापल्याकडचा आकडा एकमेकींना ओरडून सांगत होत्या.

वायरमन हसला. "वहिनी, पडद्यावरचा विश्वास उडाला वाटतं?"

"पडद्यावर आहे," ती म्हणाली. "माझ्यावर नाहीये."

दादा कधी येऊन मागे उभे राहिले ते कुणालाच कळलं नव्हतं. "अजून एकदा बांध ती गरम पिशवी," ते म्हणाले. "मला बघायचंय."