लेकीला विचारून घेतलेलं घर

सुलभावहिनी गेल्या, असा त्यांच्या मुलाचा डिचोलीहून फोन आला, तेव्हा मी मोडाला घालायचे मूग निवडत होते. ते पुढं कुणी उचलले, आठवत नाही... आता महिना होत आला. पण ज्या घरात बसून हे लिहितेय, ते त्यांच्यामुळे आमचं झालं. नाहीतर आम्ही नवरा-बायको चांगलेच फसणार होतो.

यांना खाणीवर नोकरी लागली म्हणून आम्ही सावंतवाडीहून गोव्यात डिचोलीला आलो आणि वहिनींच्या घरात भाड्यानं राहिलो. पुढं पेडण्यात एक कौलारू घर विकायचंय, असं कळलं. अंगण, विहीर, मागं फणस... मी तर मनातल्या मनात पडदेही लावून टाकले! विकणारा एकटाच भाऊ, घरपट्टी त्याच्या नावावर. आणखी काय बघायचं? आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणी हक्क सोडून मोकळ्या होतात, निदान सगळे तसं धरून चालतात.

"घरपट्टी मागीर बघ गो," वहिनी म्हणाल्या, "त्या घरातली चेडवां खंय दिली, तां आधी इचार." गोव्यात लेकीचाही वाटा असतो, तिची आणि जावयाचीही सही लागते, हे आम्हाला कुठं ठाऊक!

भावाला विचारलं, तर म्हणतो, "भयण मोरजेक सुखान आसा, तिका कित्याक तरास?" वहिनींनी मला घेऊन थेट मोरजी गाठली. घर विकलं जातंय, याचा त्या बहिणीला, मंदाताईंना, पत्ताच नव्हता. त्या ओट्यावर मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. झालं, गेलं घर हातचं! वहिनींचा असा राग आला म्हणून सांगू... पदरानं डोळे पुसून मंदाताई म्हणाल्या, "माजो वाटो दिया, सही करतंय. पण माका एकदां तरी चवथीक थंय येवंक मेळतलां?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "एकदां कित्याक? दर वर्साक यो." घर आमचं आणि गणपतीचं आमंत्रण यांचं!

परतताना बसमध्ये मी फुगूनच बसले होते. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माजां म्हायेर असांच विकलां. माका कोणी इचारूकच ना."

मंदाताई तेव्हापासून दर चवथीला येतात. वहिनी गेल्याचं कळल्यावर त्याच दिवशी त्या मोरजीहून आल्या, त्या थेट आमच्याकडे. स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. मी पाणी दिलं. म्हटलं, "ताई, वहिनींचं घर तिकडे डिचोलीला..."

"म्हायत आसा गो," त्या म्हणाल्या. "पण बायलमनीस रडूक म्हायेराकच येता मां?"