पिंगळीतली घरघर

पिंगळीत घर बांधून राहायला आलो, त्याच वर्षी मला ती घरघर ऐकू यायला लागली. लांब कुठंतरी ट्रक उभा आहे आणि त्याचं इंजिन चालू आहे, असा खोल आवाज. आधी गावाजवळून जाणाऱ्या रेल्वेवर संशय घेतला, पण रुळावर गाडी नसतानाही तो असायचाच. मधेच थोडा वेळ थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बायकोला काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग मी त्याबद्दल बोलणंच सोडलं.

एका दुपारी ऊसतोडीहून परतलेली शेजारीण ओट्यावर बसून बायकोला म्हणाली, "ताई, तुमाला ते घूं घूं ऐकू येतंय का? आमच्या घरात कुणालाच येत न्हाई. मलाच येड्यात काढायलेत."

मी आतून धावतच बाहेर आलो.

बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिनं आम्हा दोघांना अंगणाच्या दोन टोकांना, भिंतीकडं तोंड करून बसवलं. "आवाज थांबला की हात वर करा," म्हणाली.

बऱ्याच वेळानं आवाज एकदम तुटला. मी हात वर केला. मग वळून पाहिलं. शेजारणीचाही हात वर होता.

"दोघांचे हात एकदमच वर गेले," बायको हळूच म्हणाली. "इथं माझ्यासमोर काहीतरी थांबलं, आणि मला कळलंसुद्धा नाही."

आवाज कशाचा, ते अजून माहीत नाही. पण चहा गाळता गाळता बायको विचारते, "आहे का आत्ता?" मी हो म्हटलं की ती गाळणी तशीच धरून कान देऊन ऐकायला लागते.