सगुणाने पसंत केलेली गाडी

मंगळवार, १० फेब्रुवारी १९३१. सकाळचे साडेआठ वाजायला दहा मिनिटे कमी होती आणि सगुणाचा दुसरा झाप अर्ध्यावर आला होता. नारळाची झावळी मधोमध चिरायची, पाण्यात भिजत घालायची आणि मग पाती एकीखालून एक घालीत विणत जायची. पावसाळ्याच्या आधी पडव्या झाकायला असले झाप घराघरांतून लागतात. बाकीच्या बायका हे काम बोलत, इकडेतिकडे बघत करतात. सगुणाला मान वर करता येत नाही. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना आणि दोन्ही अंगठ्यांना स्पर्श कळत नाही. पात्याने कापले तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही, म्हणून ती डोळ्यांनी विणते.

रत्नागिरी शहराबाहेर महारोग्यांचा आश्रम आहे. तिथल्या बायकांच्या ओळीत तिसरी खोली तिची. वय तेवीस. तिला त्या दिवशी एक गोष्ट पार पाडायची होती. आपल्या मुलीसाठी, सव्वादोन वर्षांच्या चिमासाठी, एक खेळणे निवडायचे होते आणि त्याला हात न लावता निवडायचे होते.

सगुणा पालीच्या पलीकडच्या एका वाडीतली. शेतकरी घर, वरकस जमीन, नाचणी आणि थोडे भात. नवरा रावजी मुंबईला गोदीत. चिमा आठ महिन्यांची असताना, लावणीच्या दिवसांत, भाकरी उलटताना सगुणाचे बोट तव्याला चिकटून राहिले. ते तिला कळले नाही, वासाने सासूला कळले. दंडावरचा फिकट चट्टा तोवर कुणी मनावर घेतला नव्हता. पंधरवड्यात रावजीचा मुंबईहून निरोप आला की माहेरी पाठवा. सासूने मुलगीही सोबत दिली. माहेरी भाऊ रामा आणि त्याची बायको हौसा. हौसाने चिमाला ठेवून घेतले आणि रामाने सगुणाला बैलगाडीत बसवून आश्रमात आणून सोडले. रावजीकडून पुन्हा काही आले नाही.

रामा वर्षातून एकदा येतो, दिवाळीनंतर, भात झोडून झाले की. आश्रमाभोवती चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे. भेटायला आलेला माणूस गडग्याच्या बाहेर उभा राहतो, रोगी आत.

पहिल्या वर्षी तो आला तेव्हा सगुणाने नारळाच्या पात्यांची भिंगरी करून त्याच्याकडे दिली. रामाने ती घेतली. फाटकावरचा राखणदार लवू संध्याकाळी घरी जात होता, तेव्हा ती भिंगरी त्याला पहिल्या वळणावर रस्त्याच्या कडेला दिसली. त्याने ती परत आणली नाही, पण दुसऱ्या दिवशी सगुणाला सांगितले. "उगाच कशाला आशेवर रहावं माणसानं," असे त्याचे म्हणणे.

दुसऱ्या दिवाळीला तिने झापांच्या मजुरीतून काही बाजूला ठेवले होते. मजुरीचे पैसे बाहेर जाताना जंतू मारणाऱ्या कार्बोलिकच्या पाण्यातून काढून जातात, त्याला कुणाची हरकत नसते.

"पांगुळगाडा घ्यावा म्हणत्ये, दादा," ती म्हणाली. "चालायला लागेल नव्हं आता?"

रामाने मुंडासे सारखे केले. "चालायला? अगो, पोर धावतंय. परवा कोंबडीमागं गेलं ते थेट ओढ्यावर. हौसा मागनं काठी घेऊन."

सगुणा हसली. मग तिने विचारले, "कवा चाललं?"

"शिमग्याला उभं व्हतं. मग चाललं कवातरी."

"पयलं पाऊल कुठं टाकलान?"

"बाय, मी शेतात असतो."

सगुणाच्या मनातले मूल अजून आठ महिन्यांचे होते, रांगणारे. ते तिला त्या दिवशी कळले. तिने रामाला गळ घातली की या वर्षी शिवरात्रीच्या आधी आणखी एकदा ये, आणि येण्याआधी पोर काय खेळते ते नीट बघून ये. काय ओढते, काय तोंडात घालते, काय टाकून देते.

"हे बघत बसू? वाडीत हसतील मला."

"हसूं देत."

मधल्या तीन महिन्यांत तिने ओळीतल्या बायकांना विचारून पाहिले. एक म्हणाली खुळखुळा दे, पोरांना तेवढाच कळतो. तिचा मुलगा सहा महिन्यांचा असताना ती इथे आली होती. आता तो गलबतावर खलाशी आहे. दुसरी म्हणाली भोवरा. तिचा सहा वर्षांचा होता. प्रत्येकीच्या सल्ल्यातले मूल तिने सोडले त्या वयाचे होते. लवूला विचारले तर तो म्हणाला, "माझी पाच झाली. कुणाला काय इकत आणलं नाय. करवंट्या, चिखल आणि कुत्र्याची शेपटी. कुत्रा तेवढा कंटाळून गेला."

युक्ती सुचवली ती आश्रमाच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने. बाबल्या नावाचा एक फेरीवाला सावंतवाडीची लाकडी खेळणी घेऊन आगबोटीच्या दिवशी मांडवी बंदरावर बसतो आणि शिवरात्रीच्या सुमारास वेळणेश्वराच्या जत्रेला जातो. जाताना त्याने आश्रमावरून जावे. गडग्याबाहेर खेळणी मांडावी, सगुणाने आतून बघून सांगावे आणि बाबल्याने ती थेट रामाच्या हातात द्यावी. सगुणाचे पैसे धुऊन बाबल्याला मिळतील. म्हणजे खेळणे तिने दिलेले असेल, पण तिच्याकडून आलेले नसेल. सगुणाला हे पटले. रामाला निरोप गेला. तो कबूल झाला.

मंगळवारी दहाच्या सुमारास दोघेही आले. बाबल्याने काजूच्या झाडाखाली धोतराचा तुकडा पसरला. रामा चार हात लांब उकिडवा बसला. लवू फाटक सोडून मध्ये येऊन उभा राहिला.

"बघितलंस?" सगुणाने आधी रामाला विचारले.

"बघितलं. सुपारीच्या झावळीचं रुंद बूड, विरी असते ना, ती. तिला सुंभ बांधून ओढीत हिंडतंय दिसभर. वर मांजराचं पिल्लू बसवतंय. पिल्लू उतरतंय, ही परत बसवते. आमच्या पोरांनी विरी घेतली तर घर डोक्यावर."

"आनी तोंडात?"

"सगळं. परवा शेणीचा तुकडा."

लवू म्हणाला, "मामाच्या घरी काय कमी नाय म्हणायची."

रामा हसला नाही. सगुणा मात्र हसली. एवढी माहिती तिला दीड वर्षात मिळाली नव्हती.

बाबल्याने भावली वर धरली. सगुणा नको म्हणाली. हौसाच्या मुली मोठ्या आहेत, भावली चिमाकडे राहणार नाही. चूल-बोळकी दाखवली. ती एवढीशी, घशात जातील. मग त्याने गाठोड्याच्या तळातून दोरीची गाडी काढली. लाल फळी, पिवळी चाके, फळीला चारी बाजूंनी बोटभर उंच कठडा.

"ह्या गाडयेत मांजराचा पिल्लू काय, मांजर पण बसात," बाबल्या म्हणाला.

"रंग जाईल. तोंडात घालते ती."

"रंग नाय बाये, लाख आसा. चाटून चाटून पोराचे दात येतले, पण लाख जावची नाय."

"ओढून दाखव. दगडांवरनं."

बाबल्याने ओढली. गाडी कलंडली नाही. तिने वळवून ओढायला सांगितली, मग उतारावरून. बाबल्या दोरी धरून काजूभोवती फिरला. "माका बायल बगताना पण इतक्या कोणी बगूक नाय," तो म्हणाला, आणि रामासुद्धा जरा सैल झाला.

"हीच," सगुणा म्हणाली. मग म्हणाली, "खालच्या फळीची कड बघ. कुसळ असंल."

"कुसळ नाय. ही बग." बाबल्याने गाडी उलटी करून गडग्यावरून पुढे धरली.

त्याने दिली म्हणून तिने घेतली, की तिने घेतली म्हणून त्याने सोडली, यावर दोघांचे नंतर एकमत झाले नाही. गाडी सगुणाच्या हातात होती. तिने फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही कळत नाही हे तिला माहीत होते. तिने गाडी उचलली आणि ती कड खालच्या ओठावरून सावकाश नेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग चाके, एकेक करून.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली आणि तिने गाडी रामापुढे धरली.

रामा उठून उभा राहिला होता, पण त्याचे हात खालीच होते. बाबल्या एक पाऊल मागे गेला.

"सगुणा, काय केलंस गो," लवू म्हणाला.

तिने आपल्या हातांकडे बघितले. मग गाडी गडग्यावर ठेवली आणि बाबल्याला विचारले, "दुसरी हाय?"

"एकच उरलेली. शिमग्याक आणतलंय."

शिमग्याला रामा येणार नव्हता. लवू कंपाउंडरला घेऊन आला. कंपाउंडरने ऐकून घेतले आणि अडचण काय ते त्याला कळेना. त्याने बादलीत कार्बोलिक टाकले, रामासमोर गाडी बुडवली, ब्रशाने घासली, दोरी काढून टाकली आणि बाबल्याकडून नवीन दोरी घेऊन ओवली. गाडी उन्हात ठेवली. लाखेची चकाकी गेली नव्हती.

"पैसे नेता ना इथले? ते असेच धुतो," कंपाउंडर म्हणाला. "आता हिला काही नाही. खुशाल न्या."

तो दवाखान्यात निघून गेला. रामा उन्हातल्या गाडीकडे बघत राहिला.

"सायेब सांगतात ते खरं असंल," तो म्हणाला.

"मग ने, दादा."

"घरात हौसा..."

"तिला सांगू नको. दुकानातनं घेतली म्हण. दुकानातलीच हाय."

"हौसाला नाय सांगणार," रामा म्हणाला. "पण मला ठावं हाय ना, बाय. ती चाकं तोंडात घालील आणि मी समोर बसलेला असेन."

बाबल्या गाठोडे बांधायला लागला होता, कारण त्याला होडी गाठायची होती. सगुणाचे पैसे गाडीत गेले होते. बाबल्या ते परत द्यायला तयार नव्हता आणि परत मागावे असे तिलाही वाटले नाही. नवीन काही निवडायला वेळ नव्हता. रामाने कनवटीचे पैसे काढून गाठोड्याच्या वरच होता तो खुळखुळा घेतला.

"तो अंगावरच्या पोरांचा, दादा. ती नाय खेळायची त्यानं."

"आसूं दे. रिकाम्या हातानं नको जायला."

"मी दिला म्हणून सांगशील?"

"सांगतो." रामाने खुळखुळा मुंडाशात खोचला. "आत्येनं दिला म्हणून सांगतो."

चिमा हौसाला आय म्हणते. हे सगुणाला कुणी सांगितले नव्हते, पण दुसरे काय असणार होते. ती म्हणाली, "बरं."

रामाला उन्हे कलायच्या आत हातखंब्यापर्यंत पोचायचे होते. तो निघाला. त्याच्यामागोमाग बाबल्या दुसऱ्या वाटेने, मिऱ्याच्या बाजूला गेला. लवूने या खेपेला रस्त्याकडे लक्ष ठेवले. वळणापर्यंत तरी खुळखुळा रामाच्या मुंडाशात होता, आणि ते त्याने फाटकावरूनच सगुणाला ओरडून सांगितले.

आश्रमात एवढी लहान मुले नाहीत. गाडी दुपारपर्यंत गडग्यावरच होती. मग सगुणा ती खोलीत घेऊन गेली आणि कुठे ठेवावी हे न कळल्यामुळे दारामागे ठेवली. शेजारच्या खोलीतल्या बाईने संध्याकाळी विचारले की भिजलेल्या पात्यांच्या जुड्या हौदापासून ओढून आणायला ती गाडी चालेल का. तिचे पाय चालायचे नाहीत. सगुणा म्हणाली, ने. चार जुड्या मावल्या. गाडी कलंडली नाही.

दुपारी सगुणाने दोन झाप विणले. त्यातला एक उसवून पुन्हा विणावा लागला, कारण विणताना तिची नजर दुसरीकडे होती. डाव्या अंगठ्याला कापले होते, ते हात धुताना दिसले.

उद्या बुधवार. बुधवारी आश्रमात झापांचे काम बंद असते. दवाखान्यात महारोगावरच्या, कडू कवठीच्या तेलाच्या सुया देतात. पुरुषांचे सातला सुरू होते, बायकांचे आठला, आणि बायका खोल्यांच्या क्रमाने रांगेत उभ्या राहतात.