मागच्या सीटवर कोण होतं?

लिंबू-मिरची आमच्याकडे फक्त स्वयंपाकात वापरतात, हे आधीच सांगून टाकतो. अमावस्येला प्रवास केलाय, स्मशानाच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहिलोय... कधी काही झालं नाही. इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणूनच वाचत आलो. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे, आणि ती सांगायची तर सुरुवात मोटरसायकलच्या बॅगांपासून करावी लागेल. कंटाळू नका.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहायला सुरतेत गोडादऱ्याला. मी पॉवरलूमचे सुटे भाग विकायचो. सकाळी माल गाडीवर लादायचा आणि शहराच्या एका टोकाच्या सचिन गावापासून दुसऱ्या टोकाच्या इच्छापोरपर्यंत कारखाने फिरायचे. गाडी शंभर सीसीची, सेकंडहँड.

सुरुवातीला माल पाठीवरच्या सॅकमध्ये असायचा. संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे. मग मागच्या कॅरिअरवर लोखंडी पेटी बसवून घेतली. कुलूप लागतं, पावसात माल कोरडा राहतो... मला वाटलं, झालं काम! पण सगळं वजन गेलं मागे आणि उंचावर. पुढचं चाक हलकं पडायचं, हँडल थरथरायचं, शेजारून ट्रक गेला की गाडी झुलायची. एकदा उधन्याच्या पुलावर असा झोल गेला की कठड्याला घासता घासता वाचलो.

शोभा, माझी बायको, म्हणाली, "एवढं वजन उंचावर कशाला ठेवता? पाण्याच्या दोन बादल्या दोन हातांत धरल्या की चालणं सरळ होतं. गाडीलाही दोन हात द्या ना!"

पटलं. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासच्या दोन साइड बॅगा करून घेतल्या. सीटवरून पट्टे, दोन्हीकडे खाली लोंबणाऱ्या. सायलेन्सरच्या बाजूला आतून पत्रा, म्हणजे कापड जळायला नको. वजन खाली आलं आणि गाडी रस्ता धरून चालायला लागली. पथ्य एकच — दोन्हीकडे माल सारखा हवा. डावीकडे जास्त झाला की गाडी डावीकडे ओढते, तुम्ही नकळत अंग उजवीकडे टाकून चालवता आणि संध्याकाळी कंबर बोलायला लागते. हळूहळू मला वजनाची इतकी सवय झाली की कुठल्या बॅगेत लोखंड जास्त आहे ते पहिल्याच वळणावर समजायचं. शोभा साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसली की भार कसा पडतो, तेही अंगात मुरलं होतं.

आई गेल्यावर माझ्या वडिलांना — आप्पांना — मी गावाहून इकडे आणलं होतं. त्यांना विसर पडायला लागला होता. दुपारीच विचारायचे, "बैल बांधात का रे?" म्हणजे बैल बांधले का. बैल विकून जमाना झाला होता.

उन्हाळ्याचे दिवस. शोभा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तेवढ्यात आप्पा दार उघडून बाहेर पडले. मी नेहमीच्या एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात होतो. तिथे शेजाऱ्यांचा फोन आला आणि धावत आलो. गल्ली, मंदिर, भाजीबाजार, सगळं पालथं घातलं. दुपार कलायला लागली. मग कोणीतरी म्हणालं, टोपीवाले एक म्हातारबाबा डिंडोलीच्या बाजूला जाताना दिसले.

मी दोन्ही बॅगांतला माल घरातच ओतला, एकीत पाण्याची बाटली टाकली आणि निघालो. डिंडोलीच्या पुढे तेव्हा वस्ती संपून उसाची शेतं लागायची. एका चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "हा भाई, एक डोसा गया हता. सीधा, सचिन बाजू."

म्हणजे एक म्हातारा गेला, सरळ, सचिनकडे. मी गाडीला किक मारली, आणि मागे कोणीतरी बसलं.

दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. शॉकअप दबला, सीट खाली गेली, पुढचं चाक हलकं झालं. मी मागे वळून पाहिलं. कोणी नाही. पंक्चर असेल म्हणून उतरलो. टायर टणक. बॅगा उघडल्या — डावी रिकामी, उजवीत फक्त बाटली. परत बसलो, निघालो... परत तोच भार. आणि तो मधोमध नव्हता. डावीकडे होता, साडी नेसून एका बाजूने बसलेल्या बाईचा असतो तसा.

भीती वाटली का? खरं सांगू, भ्यायला वेळच नव्हता. डोक्यात आप्पांशिवाय काही नव्हतं.

थोडं पुढे डावीकडे एक कच्ची वाट फुटते, कालव्याच्या कडेकडेने जाणारी. मला जायचं होतं सरळ. पण वाट जवळ येताच मागचा भार डावीकडे झुकला. ज्यांनी मागे माणूस बसवून गाडी चालवली आहे त्यांना माहीत असेल, मागचा झुकला की गाडी वळायला बघते. मी अंग उजवीकडे टाकून गाडी सरळ काढली. तर ती इतकी जड झाली की गिअर उतरवावा लागला, आणि शेवटी बंदच पडली.

मी रस्त्यावर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "बरं, चला. तुम्ही म्हणाल तिकडे."

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. वाटेला लागलो तसा भार सरळ झाला, जणू सावरून बसला. शेतं मागे पडत होती. आणि कालव्याच्या एका बांधापाशी शॉकअप उसळून वर आला. मागचं वजन उतरलं होतं.

मी इंजिन बंद केलं. कोरड्या कालव्यातून आवाज आला, "पानी... पानी दे रे."

आप्पा खाली पडले होते. टोपी बाजूला, ओठ फाटलेले, एक पाय भलताच वळलेला. मी उतरून डोकं मांडीवर घेतलं, बाटली तोंडाला लावली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एरवी विसरायचे, पण त्या दिवशी ओळखलं; मला ते भाऊच म्हणायचे. "तू उना का भाऊ? मन्हा पाय दुखी राह्यना."

"आलो आप्पा, आलो," म्हणत मी टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

मी हाका मारल्या. शेतातला एक पटेल ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. आम्ही आप्पांना अलगद वर घेतलं, मी मागून गाडीवर. गाडी पिसासारखी हलकी चालत होती. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय आणि अंगातलं पाणी पार आटलंय, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं.

मेकॅनिककडून गाडी पूर्ण तपासून घेतली. शॉकअप, बेअरिंग, चासी, सगळं ठाकठीक. शोभा म्हणते, "सासूबाईच असणार, दुसरं कोण?" पण आई आयुष्यात मोटरसायकलवर बसली नाही, तिला दोन चाकांची भीती वाटायची. शिवाय तिला सुरत कुठे माहीत होती! मग कोण? मनाचे खेळ म्हणावेत, तर बंद पडलेल्या गाडीचं काय? आणि त्या वाटेवर मी याआधी कधी गेलोच नव्हतो. मला आजही उत्तर मिळालेलं नाही.

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. काठी घेऊन चालायचे. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर अहिराणी शिकली. कधी तिचं नाव विसरायचे, पण ती आली की सरकून जागा करायचे. ती वर्षं आम्हाला कोणीतरी दिली. कोणी, ते माहीत नाही, म्हणून आभार मानायचे राहून गेले. ते आज इथे, सगळ्यांसमोर मानतो.